शाळेची निसर्गवाट: मुरूम की पेव्हर ब्लॉक?

शाळेमागची झाडं वाढलेली असतात, पण त्यांच्यामधून जाणारी जुनी वाट घाणेरीच्या झुडपांत आणि गाजरगवतात गडप झालेली असते. ती साफ करून सकाळ-संध्याकाळ गावकऱ्यांना फिरायला आणि दुपारी पोरांना झाडं-पाखरं ओळखायला खुली करायची, इथपर्यंत शाळा व्यवस्थापन समितीत दुमत नसतं. वाजतं ते वाटेवर काय टाकायचं यावरून. "ब्लॉक टाकून मोकळे होऊ, पुन्हा बघायला नको," असं म्हणणारा एक जण बैठकीत असतोच.

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. काठी टेकत येणाऱ्या आजोबांना आणि चाकाच्या खुर्चीला ब्लॉकची वाट सोयीची. पावसाच्या उघडिपीत लगेच चालता येतं, झाडायलाही सोपी. जमीन मुरमाड असेल, जशी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात बीड-धाराशिवकडच्या बऱ्याच गावांत आहे, तर ब्लॉक बसवा आणि बिनघोर राहा.

काळ्या रानात मात्र गणित फिरतं. परभणी, नांदेडच्या गोदाकाठची भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा देते. अशी जमीन खालून वर-खाली होत राहिली की वरचे ब्लॉक एका पातळीत राहत नाहीत. एखादा अर्धा इंच वर येतो, शेजारचा खचतो, सांध्यातली कच (खडीचा बारीक चुरा) वाहून जाते आणि त्या जागी पाणी साचून राहतं. मग सैल ब्लॉकच्या कोपऱ्यावर पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी उडते, ती थेट पोरांच्या गणवेशावर आणि म्हाताऱ्यांच्या धोतरावर. चार-सहा ब्लॉक असे झाले की लोक वाट सोडून कडेनं चालतात, कडेची रोपं तुडवली जातात आणि वर्षभरात ब्लॉकच्या शेजारी दुसरी, मातीची पायवाट पडते. आमचा कौल फिरला तो या पिचकारीमुळं. उपाय नाही असं नाही. काळी माती फूटभर काढायची, तिथं मुरूम भरून दाबायचा, त्यावर दीड-दोन इंच कच आणि मग ब्लॉक. दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी. पण मुरूम शेवटी आणावाच लागला, तोही जास्त. शिवाय एवढं खोल खणताना कडुनिंब-करंजाची वरवरची मुळं तुटतात. ज्या झाडांसाठी वाट काढली त्यांच्याच मुळावर घाव.

मुरमाच्या वाटेचा हिशेब सांगतो. 300 फूट लांब, 4 फूट रुंद वाट धरा. दाबून 6 इंच थर हवा तर सैल मुरूम 8 इंच पसरावा लागतो, म्हणजे 800 घनफूट, 8 ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). आणण्याआधी सरकारकडे रॉयल्टी भरल्याची पावती बघून घ्या, शाळेच्या कामाला ते लचांड मागे नको. मुरूम तपासायला मूठभर भिजवून गोळा करा आणि उन्हात वाळवा. गोळा बोटानं भुगा झाला तर त्यात चिकटपणा नाही, वाटेवर खडे सुटे होऊन पाय घसरतील. वाळताना तडकला तर मातीच जास्त, पहिल्या पावसात राड होईल. धड राहिला तर घ्या.

एकदम 8 इंच पसरून रोलर फिरवू नका; वरचा भाग दबतो, खालचा पोकळ राहतो. चार-चार इंचांचे दोन थर करा, प्रत्येक थर भिजवून रोलर फिरवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हाताला पाणी लागू नये, एवढीच ओल. मधोमध एक-सव्वा इंच उंचवटा ठेवा, कडेला वीतभर खोल चर काढा. खणून निघालेली काळी माती चराच्या पलीकडे, वाटेजवळ नाही. नाहीतर पहिल्याच पावसात ती मुरमावर परत येते. झाडाच्या बुंध्यापासून दोन फूट लांब राहा आणि मुळांच्या पट्ट्यात खणण्याऐवजी वरच तीन-चार इंच मुरूम टाका.

हे काम दिवाळीच्या सुट्टीत काढावं. तेव्हा जमिनीत ओल असते, विहिरीला पाणी असतं. मे महिन्यात गाव टँकरवर असताना मुरूम भिजवायला पाणी कोण देणार? आणि भेगाळलेल्या रानात पसरलेला मुरूम निम्मा भेगांतच जातो.

मुरमाचेही त्रास आहेत, ते झाकत नाही. जिथं पाणी वाट ओलांडतं तिथं तो टिकतच नाही. तेवढ्या पाच-सात फुटांत दगडी पिचिंग, म्हणजे दगड घट्ट रचून, करून घ्या. जून-जुलैत गाजरगवत उगवतं, ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं लागतं, हातमोजे घालूनच. अंगाला खाज सुटते. झड लागली की दोन-चार दिवस चपला भरतात. (शहाबादी फरशीचाही प्रस्ताव येतो. ओली झाली, शेवाळ धरलं की घसरते, एवढं पुरे.)

पण शिकण्याच्या दृष्टीनं मुरूम पुढं आहे असं वाटतं. वाटेच्या एका वळणावर तीन फूट लांबीत बारीक चाळलेली माती अर्धा इंच पसरून ठेवा. सकाळी तिथं मुंगसाची पावलं, तितराची तीन बोटं, कधी सापाची रेघ उमटलेली दिसते. पोरं आधी तिथंच पळतात, आणि कोणतं पाऊल कुणाचं हे सांगायला गावातला गुराखी मास्तरांपेक्षा हुशार निघतो. ब्लॉकवर यातलं काही उमटत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ते तापतातही भयंकर. अनवाणी पोरांना विचारा.

जमीन काळी आणि हट्ट ब्लॉकचाच असेल तर फाटकापासून नळापर्यंतचा, रोज शंभर पायांचा तुकडा तेवढा खालून पक्का भरून ब्लॉकचा करा. चाकाच्या खुर्चीला तिथून पहिल्या बाकापर्यंत जाता येईल असं बघा. बाकी वाट मुरमाची राहू द्या. अर्धा ब्रास मुरूम शाळेच्या कोपऱ्यात राखून ठेवा. पोळ्याच्या सुमारास वाटेवर पडलेले खड्डे बुजवायला दोन घमेली, एक धुम्मस (ठोकून दाबायचं अवजार) आणि मोठ्या वर्गातली चार पोरं पुरतात. गुत्तेदाराला फोन लावावा लागत नाही.