विचवुड बार्न्स, टोरांटो: ट्राम गेल्या, बाजार आला

क्रिस्टी स्ट्रीटवरच्या या पाच विटांच्या शेड 1913 ते 1921 दरम्यान ट्राम ठेवायला बांधल्या. पडीक पडल्यावर शेड ठेवाव्यात की पाडाव्यात यावरून शेजाऱ्यांतच जुंपली. काहींना तर पूर्ण जागेवर नुसती बागच हवी होती. 2008 साली उघडलेल्या वास्तूत या दोन्हींतली तडजोड उघड दिसते: एका शेडमध्ये कलावंतांची 26 राहती स्टुडिओ-घरं, एकीत ग्रीनहाउस, पाचवीला छप्परच नाही, आणि भोवती बाग.

खरी अक्कल दिसते ती बाजाराच्या शेडमध्ये. ती खोल्या पाडून चिरफाळली नाही, झाकलेला रस्ता म्हणून सलग ठेवली. तोटा एकच, वीट आणि काचेत आवाज घुमतो. गर्दीत भाव दोनदा विचारावा लागतो.

पावसाचं पाणी संडासांना, जमिनीखालची ऊब हीटिंगला, हे उत्तम. जुन्या इमारतीचं असं काम काढणाऱ्यांनी विटांमधले सांधे मात्र सिमेंटने भरू नयेत, चुनाच वापरावा. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग ती विटेतच गोठते आणि पापुद्रे सुटतात.

जायचं तर शनिवारी सकाळी. तेव्हाच शेतकरी बाजार असतो.