पायवाट अडली तर सांगायचं कुणाला? इंग्लंडातले चार मार्ग

इंग्लंडात चालायला लागलेल्या मराठी माणसाची पहिली चूक शब्दातच होते. रस्त्याकडेच्या फरसबंदीला आपण ‘फूटपाथ’ म्हणतो, इथे ती ‘पेव्हमेंट’. इथला फूटपाथ म्हणजे शेता-कुरणांतून, कधी कुणाच्या परसाला खेटून जाणारी सार्वजनिक पायवाट. तिच्यावर पिवळा बाण असतो. निळा बाण दिसला तर तो ब्रायडलवे, तिथे घोडेस्वार आणि सायकलवालेही हक्काने जातात. माझी पहिली तक्रार मी ‘रस्ते व पेव्हमेंट’ या रकान्यात टाकली. ती खड्डे बुजवणाऱ्यांकडे गेली आणि तिथेच मुरली.

दुसरी गफलत काउन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाची. जिथे काउन्सिल दोन पातळ्यांवर आहेत, तिथे कराचं बिल खालची डिस्ट्रिक्ट काउन्सिल पाठवते, पायवाटा मात्र वरच्या काउंटी काउन्सिलच्या अखत्यारीत. बिलावरचा फोन फिरवून उपयोग नाही.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे काउंटीच्या (किंवा एकच काउन्सिल असेल तर तिच्या) ‘राइट्स ऑफ वे’ (सार्वजनिक वाटांच्या) विभागाचा नकाशावाला फॉर्म. वाटेवर टिचकी मारली की बहुतेक ठिकाणी तिचा क्रमांक आपोआप येतो, आणि तो क्रमांक म्हणजे निम्मं काम. मजकूर कोरडा ठेवा: ‘पायवाट १२, ओढ्यालगतचं फाटक, साखळीला नवं कुलूप, शेजारून जायला जागा नाही, रविवारी सकाळी पाहिलं.’ सोबत दोन फोटो, एक जवळून आणि एक मागचं झाड किंवा घर दिसेल असा. गैरसोयीची कहाणी कुणी वाचत नाही. पडलेलं झाड, मोडलेला पूल, गायब पाटी, गुडघाभर नेटल (इथली खाजरी वनस्पती) यांसाठी हाच मार्ग घ्या. उणीव एवढीच की कामं प्राधान्याने होतात. इंग्लंड-वेल्समध्ये अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल आहेत, त्यामुळे पाटीची पाळी यायला महिने लागू शकतात.

दुसरा मार्ग ‘फिक्स-माय-स्ट्रीट’ या तक्रारींच्या वेबसाइटचा, २००७ पासून आहे. ठिकाण आणि विषय निवडला की तक्रार कोणत्या काउन्सिलकडे धाडायची ते तोच ठरवतो. हद्द कुठली तेच कळत नसेल तेव्हा सोयीचा. तक्रार सगळ्यांना दिसते, नाव लपवता येतं. पण वाटेचा क्रमांक आपणच लिहायचा, नाहीतर अधिकाऱ्याला नुसता नकाशावरचा ठिपका मिळतो. मला विचाराल तर परगावी फिरताना हा, घराजवळ काउन्सिलचा फॉर्म.

आता खरी भानगड: शेतमालकाने मुद्दाम वाट अडवली तर? गावाकडे वहिवाटीचा रस्ता बंद झाला की तहसीलदाराकडे जायचं हे आपल्याला ठाऊक असतं. इथे ते काम दोन दारांतून होतं आणि दोन्ही दारं १९८०च्या हायवेज कायद्यात आहेत.

एक दार पॅरिश काउन्सिलचं. ही गावपातळीची संस्था दिसायला किरकोळ, बैठकीत फुलांच्या कुंड्यांवर तासभर बोलणारी. पण वाट बेकायदा अडवली आहे असं तिने कलम १३० खाली काउंटीला रीतसर कळवलं, तर ते चूक असल्याची खात्री पटल्याशिवाय काउंटीला गप्प बसता येत नाही, कारवाई करावीच लागते. एकट्यादुकट्या नागरिकाच्या ईमेलला एवढं वजन नसतं. म्हणून नव्याने राहायला आलेल्याने, शेजाऱ्याशी वैर नको असेल तर, आधी पॅरिशच्या क्लार्कला गाठावं.

दुसरं दार कलम १३०-एची नोटीस. ही काउन्सिलला कुणीही देऊ शकतो, मात्र ठरलेल्या नमुन्यात. महिन्याभरात काउन्सिलने अडवणाऱ्याला नोटीस द्यायची आणि काय करणार ते तुम्हाला कळवायचं. दोन महिने उलटूनही अडथळा जागचा हलला नाही तर तुम्ही मॅजिस्ट्रेट कोर्टात जायचं. इमारत किंवा राहतं घर वाटेत आलं असेल तर हे कलम चालत नाही, आणि वाट नुसती खचली असेल तरी नाही. त्यासाठी कलम ५६ वेगळं. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर या फंदात पडू नका. कुलूप, काटेरी तार, वर्षानुवर्षं टाळाटाळ अशा ठिकाणी मात्र याच्याइतकं धारदार हत्यार नाही.

नांगरलेल्या शेताबाबत घाई नको. शेतातून आडव्या जाणाऱ्या वाटेवर पेरणीसाठी नांगर फिरला, तर ती पूर्ववत करायला शेतकऱ्याला पहिल्या नांगरटीपासून १४ दिवस मिळतात. त्यानंतर पुन्हा उकरली तर २४ तास. फूटपाथ किमान एक मीटर, ब्रायडलवे दोन मीटर रुंद मोकळा हवा. बांधाच्या कडेने जाणारी वाट मात्र नांगरायचीच नाही, तिथे पहिल्याच दिवशी तक्रार करा.

चालणाऱ्यांच्या संस्थाही मदत करतात. उत्तरेकडे १८९४ पासूनची ‘पीक अँड नॉर्दर्न फूटपाथ्स सोसायटी’ आहे, घोडेवाटांसाठी ब्रिटिश हॉर्स सोसायटी. काउन्सिलने उत्तरच दिलं नाही तर यांचे स्वयंसेवक पाठपुराव्याला उपयोगी पडतात.

आणि पडलेल्या झाडाबरोबर विजेची तारही खाली आली असेल, तर फॉर्म-बिर्म राहू द्या. लांब उभं राहून १०५ लावा, कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर ९९९.