प्लास्टिकच्या विमान-मॉडेलचा फसलेला रंग उतरवायला आयपीए: उन्हाळा ते दिवाळीचा अनुभव

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीवाले ज्याने बोर्ड पुसतात, तेच हे आयसोप्रोपिल अल्कोहोल. सगळे आयपीएच म्हणतात. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडेही मिळतं. घेताना ९९ टक्क्यांचंच घ्या. ७० टक्क्यांचं इंजेक्शनआधी दंड पुसायला ठीक, पण त्यातल्या पाण्यामुळे रंग सुटता सुटत नाही. एवढे महिने वापरल्यावर माझं मत असं: रंग बिघडला असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, प्राइमर (रंगाखालचा अस्तराचा थर) बिघडला असेल तर याच्या नादी लागू नका.

मॉडेलसाठी मिळणारे टामिया कंपनीचे एक्सएफ रंग अ‍ॅक्रिलिक असले तरी अल्कोहोलला लगेच शरण जातात. इअरबड आयपीएत बुडवून फिरवला की ओघळलेला, बोटांचे ठसे उमटलेला, मास्किंग टेपखाली झिरपलेला रंग सुटून येतो. कोपऱ्यातल्या रंगाला जुना टूथब्रश. खाली लॅकर प्राइमर (तीव्र सॉल्व्हंटमधला) असेल तर तो मात्र जागेवर राहतो, आणि खरी मजा तिथेच आहे. १/७२ मापाच्या मिग-२१ वरच्या पॅनेल लाइन (पत्र्यांच्या जोडरेषा) इतक्या बारीक, की प्राइमरचा आणखी एक थर पडला की त्या बुजायला लागतात. नुसता रंग काढता आला तर ती वेळ येत नाही.

म्हणून पुसायचं, बुडवायचं नाही. बरेच जण अख्खं विमान रात्रभर डब्यात बुडवून ठेवायला सांगतात. तसं केलं की लॅकर प्राइमरही जागोजाग सैल पडतो आणि सकाळी हातात ठिगळं ठिगळं झालेलं मॉडेल येतं. प्लास्टिकला मात्र काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरून बघायचा मोह आवरा. त्यातलं अ‍ॅसिटोन मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, चक्क विरघळवतं. कॉकपिटची पारदर्शक काच आयपीएपासूनही लांबच ठेवा, ताण असलेल्या जागी तिला बारीक तडे जाऊ शकतात. इनॅमल वॉशवर (खाचांत मुरवायचा पातळ तेली रंग) आयपीए फारसं चालत नाही, त्याला टर्पेंटाइन.

आता प्राइमर. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. लॅकरचा स्प्रे मारला की सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि थर पांढुरका होतो. हे आयपीएने पुसून जात नाही. रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घातलेला लॅकर थिनर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) अगदी हलका मारला, तर थर पुन्हा ओला होतो, अडकलेला ओलावा निघतो आणि बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. लांबून मारल्यामुळे खरखरीत झालेल्या प्राइमरला २००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून, हलक्या हाताने. पाण्यावरचा पॉलियुरेथेन प्राइमर असेल तर देवच वाली: घासला की पापुद्रे निघतात, आयपीए लावलं की रबरासारखा गोळा होतो. तो पूर्ण काढूनच टाकावा. नंतर भांड्यांच्या साबणाने मॉडेल धुवा. साच्याचं तेल आणि बोटांचा घाम राहिला तर पुढचा प्राइमरही टेपबरोबर उठून येईल.

रंग पातळ करायलाही आयपीए चालतं, पण मे महिन्यात नको. थेंब हवेतच सुकतो आणि मॉडेलवर पावडर बसते. तिथे टामियाचा एक्स-२०ए थिनर बरा.

आयपीए पेट्रोलसारखं पेट घेतं, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) जेमतेम १२ अंश. वन रूम किचनमध्ये काम करणाऱ्यांनी गॅस बंद, देवापुढचं निरांजन शांत, खिडकी उघडी, हे पाळायलाच हवं. वासाने डोकं धरतं आणि हात कोरडे पडतात, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घाला.

आयपीए हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे लिटरची बाटली सारखी उघडू नये. मी कामापुरतं छोट्या काचेच्या बाटलीत काढतो. वापरलेलं गढूळ आयपीएही फेकत नाही. गाळ खाली बसला की वरचं एअरब्रशच्या पहिल्या धुण्याला चालतं. संपलं की पुन्हा हेच आणणार, फक्त पावसाळ्याआधी.