मदतीच्या पैशातली ऑर्डर : बडोद्याच्या कारखानदाराने कोणती वाट धरावी?

मकरपुऱ्यात किंवा वाघोडियाला ट्रान्सफॉर्मर, पंप, वाल्व बनवणाऱ्याकडे दक्षिण सुदान, काँगो किंवा सोमालियाची चौकशी आली की तो लगेच भाव काढायला बसतो. भाव नंतर काढावा. आधी शोधायचं ते हे, की बिल कोणाच्या सहीने सुटणार. गरीब आणि डळमळीत देशात माल वापरणारा एक, करारावर सही करणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसराच असतो. सरकार पडलं तर या तिघांपैकी कोण जागेवर राहील, त्यावर तुमची वसुली ठरते.

वाटा मुख्यतः तीन : भारत सरकारच्या सवलतीच्या कर्जातली (लाइन ऑफ क्रेडिट) ऑर्डर, जागतिक बँकेच्या पैशावर तिथल्या सरकारने काढलेलं टेंडर, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची थेट खरेदी.

लाइन ऑफ क्रेडिट एक्झिम बँकेमार्फत (आयात-निर्यातीला पैसा पुरवणारी भारत सरकारची बँक) जाते. २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सर्वांत गरीब गटातल्या देशांना दीड टक्का व्याज, २५ वर्षांची मुदत आणि त्यात मुद्दलावर ५ वर्षांची सवलत ठरवली होती. बदल्यात साधारणपणे कराराच्या किमान ७५ टक्के रकमेचा माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. कर्ज त्या देशाच्या नावावर, पण पैसे इथेच, जहाजाची कागदपत्रं दाखवल्यावर तुमच्या बँकेत येतात. पुढे त्या सरकारने हप्ते थकवले तर ती डोकेदुखी दिल्लीची. पैसे देणारा म्हणून याच्याइतका पक्का दुसरा नाही.

मग छोटा कारखाना यात का दिसत नाही? एक्झिम बँक बोली लावणाऱ्यांची आधीच छाननी करते. उलाढाल आणि तशाच कामांचा अनुभव पाहिला जातो, आणि त्या चाळणीतून मोठे ठेकेदारच खाली येतात. बडोद्याच्या छोट्या युनिटला त्यांचा पुरवठादार व्हावं लागतं. म्हणजे एक्झिमची हमी ठेकेदाराला, तुम्हाला नाही. त्याच्या छापील ऑर्डरमध्ये ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला’ असं कलम असतं, आणि साइट बंद पडली की राखून ठेवलेली रक्कम अडकते. काँगोतला ६४ मेगावॉटचा कटेंडे जलविद्युत प्रकल्प भारतीय कर्जावर सुरू झाला आणि वर्षानुवर्षे रखडला. अशा कामात शेवटचा १० टक्के हिस्सा भावातून वजा धरूनच हिशेब करावा.

मात्र तुमच्या हातात एक हत्यार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचं बिल माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावं लागतं. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. ऑर्डरमधलं उलट कलम याच्यापुढे टिकत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) मात्र ऑर्डर घेण्याआधीची हवी. आणखी एक : लाइन ऑफ क्रेडिटच्या पैशातून एजंटाचं कमिशन देता येत नाही. स्थानिक माणसाला कबूल केलेले ३-४ टक्के स्वतःच्या खिशातून किंवा परकीय चलन खात्यातून जातात.

जागतिक बँकेचं टेंडर दिसायला सर्वांत भारदस्त आणि फसायला सर्वांत सोपं. नाव बँकेचं, करार मात्र तिथल्या मंत्रालयाशी किंवा वीज मंडळाशी. बँक तुमचं काही देणं लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्ता बदलली आणि जागतिक बँकेने अफगाणिस्तानातल्या प्रकल्पांचे पैसे थांबवले. अशा वेळी माल समुद्रात आणि तुम्ही दिलेली बँक गॅरंटी समोरच्याच्या हातात, अशी गत होते. यावर उपाय आहे, पण तो करारापूर्वीच मागावा लागतो : अपरिवर्तनीय एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद दाखवल्यावर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी), आणि तिच्यामागे जागतिक बँकेची अशी विशेष बांधिलकी, जी कर्ज पुढे स्थगित झालं तरी लागू राहते. ती नसेल तर निदान भारतातल्या बँकेने एलसी कन्फर्म केलेली, म्हणजे तिला स्वतःची हमी जोडलेली हवी. दोन्हींना नकार आला तर टेंडर सोडून द्यावं. ईसीजीसीच्या (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी सरकारी विमा कंपनी) विम्यावर विसंबताना तो देश मर्यादित संरक्षणाच्या यादीत आहे का, ते आधी विचारा. असले देश बहुधा त्यातच सापडतात.

संयुक्त राष्ट्रांकडे ऑर्डर लहान, पण खरेदीदार आणि पैसे देणारा एकच. यूएनजीएम या त्यांच्या खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी फुकट आहे. नोंदणीसाठी किंवा टेंडरच्या कागदांसाठी पैसे मागणारा ईमेल बनावट समजावा. आगाऊ रक्कम सहसा मिळत नाही, माल आणि कागद पोचल्यावर ३० दिवसांत पैसे. वाद झाला तर बडोद्याच्या कोर्टात जाता येत नाही, लवाद हाच मार्ग. दीर्घ मुदतीच्या करारात भाव बांधलेला आणि मागणीची खात्री नाही, हे तांबं आणि सिलिकॉन स्टील वापरणाऱ्याला महागात पडतं. तिथे मुदत जितकी कमी तितकं बरं.

पोचवण्याची अट नीट वाचा. मुंद्रा किंवा न्हावा शेवा बंदरापर्यंतची जबाबदारी घ्यावी, जुबापर्यंतची (दक्षिण सुदानची राजधानी) नको. मोंबासाहून युगांडामार्गे निमुले आणि मग जुबा, आणि पावसाळ्यात पुढचे रस्तेच उरत नाहीत. लाकडी खोक्यांवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का (आतून ५६ अंशांवर ३० मिनिटं) नसेल तर माल बंदरातच अडकू शकतो.

हातपंपवाल्यांसाठी वेगळी सूचना. इंडिया मार्क टू हा हातपंप आयएस १५५०० या भारतीय मानकाप्रमाणे बनवला तरी काम संपत नाही. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचे पाइप गंजतात, पाणी लाल येतं आणि लोक पुन्हा ओढ्यावर जातात. पीएच विचारून स्टेनलेस पाइपचा भाव वेगळा द्या.

१०-१५ कोटींच्या उलाढालीच्या कारखान्याने आधी संयुक्त राष्ट्रांची एक-दोन छोटी कामं करावीत, मग त्या अनुभवाच्या दाखल्यावर लाइन ऑफ क्रेडिटच्या ठेकेदाराकडे जावं. जागतिक बँकेचं टेंडर, वर सांगितलेली कागदपत्रं हातात येतील तेव्हाच.