दार लावावं की उघडूच नये: झॉम्बिसाइड आणि नेमेसिस

झॉम्बिसाइड आणि नेमेसिस हे दोन्ही पटावरचे सहकारी धाटणीचे खेळ. दोन्हींत शत्रू चालवायला कुणी वेगळा माणूस लागत नाही, तो नियमांनी चालतो. फरक पडतो तो दाराशी.

झॉम्बिसाइडच्या दुसऱ्या आवृत्तीत बंद दार पक्कं असतं, झॉम्बी ते फोडत नाहीत. पण एकदा उघडलेलं दार विशेष कौशल्य नसेल तर परत लागत नाही. शिवाय इमारतीचं पहिलं दार उघडलं की आतल्या प्रत्येक अंधाऱ्या झोनसाठी (झोन म्हणजे पटावरचा एक कप्पा) नवे झॉम्बी आणणारं एक कार्ड काढावं लागतं. म्हणून दार उघडायचं ते पाळीच्या पहिल्या ॲक्शनला, म्हणजे पहिल्या कृतीला. सुरुवातीला तीनच ॲक्शन असतात, निदान उरलेल्या दोन मारायला किंवा मागे सरकायला हाती राहतात. शेवटच्या ॲक्शनला उघडलेलं दार म्हणजे आतल्यांना दिलेलं आमंत्रण.

झॉम्बी आधी नजरेत असलेल्या माणसाकडे, म्हणजे खेळाडूंच्या पात्राकडे जातात. कुणीच दिसत नसेल तर सर्वांत जास्त आवाजाच्या झोनकडे. प्रत्येक माणूस हाही एक आवाज, त्यावर आवाजाची टोकनं वेगळी. नवे खेळाडू इथे हमखास चुकतात: मोकळी वाट नाही म्हणून ते झॉम्बी जागीच ठेवतात. खरं तर सगळी दारं उघडी आहेत असं धरून झॉम्बी पुढे सरकतात आणि बंद दाराबाहेर साचतात. मोकळी वाट असेल तर, लांबची असली तरी, ते तीच धरतात. हे नीट कळलं की आवाजाचं आमिष दाखवून अख्खी झुंड चुकीच्या दाराशी नेऊन उभी करता येते, आणि ती मजा नेमेसिसमध्ये नाही, हे मान्य करायला हवं.

नेमेसिसमध्ये दार म्हणजे एकदाच वापरायची ढाल. शत्रू बंद दारातून जाऊ पाहतो तेव्हा तो हलत नाही, दार मोडतं. टोकन आडवं पडतं आणि त्या कॉरिडॉरला पुन्हा दार लागत नाही. पुढच्या खेपेला तो सरळ आत. दार लागणंही बरेचदा आपल्या हातात नसतं. नवी खोली पाहताना निघालेल्या टोकनामुळे पाठीमागचं दार लागतं आणि परतीची वाट आपलीच बंद होते.

शत्रूंची हालचाल मात्र एका घटना-कार्डावर उरकते. कार्डावर शत्रूचा प्रकार आणि कॉरिडॉरचा आकडा असतो. त्या प्रकारचे जे शत्रू लढाईत गुंतलेले नाहीत, ते आपापल्या खोलीतून त्या आकड्याच्या कॉरिडॉरने निघतात. तो कॉरिडॉर तांत्रिक मार्गाचा (खोल्यांमागच्या आडवाटेचा) निघाला तर शत्रू पटावरून उठून, जिथून शत्रूंची टोकनं काढतात त्या थैलीत परत. याशिवाय आवाजाच्या फाशावर धोक्याचं चिन्ह आलं की शेजारच्या खोल्यांतले मोकळे शत्रू तुमच्याकडे येतात. कुठेच अंतर मोजायचं नसतं.

माझा कल ठरला तो या मोजणीवरूनच. झॉम्बिसाइडमध्ये इमारतीला उत्तरेचं आणि दक्षिणेचं अशी दोन दारं उघडली आणि दोन्ही वाटा तीन-तीन झोनच्या निघाल्या की झुंड फुटते. चार असतील तर दोन-दोन, पाच असतील तर जादाचा एक कुठे जाणार ते खेळाडूंनी ठरवायचं. (पहिल्या आवृत्तीत विषम संख्या जुळवायला साठ्यातून आणखी झॉम्बी घालावे लागत. त्या मानाने ही सुधारणाच.) त्यातच दोन झोनमध्ये आवाज सारखा असेल तर लक्ष्यही दोन. धावणारे झॉम्बी एका पाळीत दोनदा हलतात, म्हणजे त्यांच्यासाठी हे सगळं पुन्हा. आपण उघडलेल्या प्रत्येक दाराने हे गणित वाढत जातं, आणि धोक्याच्या सर्वांत वरच्या, लाल पातळीच्या सुमाराला, डाव ऐन रंगात असताना, सगळी मान खाली घालून झोन मोजत बसतात.

त्यावर उपाय आहे. झॉम्बी हलवण्याआधी लक्ष्य झोनवर एक सुटं टोकन ठेवा, लक्ष्याच्या सगळ्यांत जवळच्या गटापासून सुरुवात करा आणि हललेला गट किंचित तिरका ठेवा, म्हणजे तोच गट दोनदा हलत नाही. एवढी शिस्त पाळणारा एक जण टेबलाशी असेल किंवा मुलं सोबत असतील, तर झॉम्बिसाइड घ्यायला माझी हरकत नाही. नाहीतर मी नेमेसिस सुचवेन. फक्त तो विकत घेताना लक्षात ठेवा की त्याच्या मूळ नियमांत प्रत्येकाचं उद्दिष्ट गुप्त असतं, पूर्ण सहकारी प्रकार नियमपुस्तिकेत वेगळा दिला आहे.