भूप पाच मिनिटांचा की पंचवीस मिनिटांचा?

दिवाळीत भाच्याने टर्नटेबल घेतलं आणि चार दिवसांनी फोन केला. "मावशी, यावर लावू काय? शास्त्रीय काहीतरी सांग, पण झोप येईल असं नको." बायको हैदराबादची, तिचा आणि ख्यालाचा, म्हणजे रागदारी गाण्याचा, संबंध नाही. घरात दीड वर्षाचं पोर. आणि घ्यायची एकच रेकॉर्ड, कारण धड अवस्थेतल्या जुन्या एलपी आता रद्दीच्या भावात मिळत नाहीत.

निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, मी कपाटातल्या रेकॉर्डी पुन्हा काढून ऐकते आहे. त्यामुळे उत्तर जिभेवर असायला हवं होतं. नव्हतं. शेवटी चार नावं उरली आणि खरी कुस्ती दोनच नावांत झाली.

पहिलं नाव कुणीही सांगेल ते, 'कॉल ऑफ द व्हॅली'. 1967 सालची एचएमव्हीची रेकॉर्ड. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. भावगीत गायनातलं सुरुवातीचं मोठं नाव असलेले आपले जी. एन. जोशी तेव्हा एचएमव्हीत होते, त्यांच्या देखरेखीखाली ही झाली. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, चाळीसेक मिनिटांत उरकलेला. 'उरकलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, पण कुत्सितपणे नाही. सहा राग त्या दोन बाजूंवर बसवायचे तर प्रत्येकाला नेमकं बोलावं लागतं, आणि ही तिघं नेमकं बोलतात. काब्रांची गिटार मला दर वेळी नव्याने आवडते. मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून दांडी सरकवत वाजवलेली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इतकी गळ्यातली की दोन वाद्यांच्या मध्ये कुणी गातंय असं वाटावं.

गेल्या पावसाळ्यात शेगडी दुरुस्त करायला एक मुलगा आला होता तेव्हा ही लागलेली होती. पान्हा हातात धरून तो थांबला, ऐकलं आणि म्हणाला, "हे मसाजच्या दुकानात लावतात ना?" मला आधी राग आला. मग वाटलं, त्याचं काय चुकलं? गेल्या पन्नासेक वर्षांत हिच्या इतक्या पातळ नकला निघाल्या, की मूळ ऐकतानाही कान नक्कल ऐकतो. नव्या माणसाला ही रेकॉर्ड लगेच आवडते. पण आवडून ती पार्श्वभूमीला जाते, आणि तिथून तिला पुन्हा पुढे आणणं अवघड.

दुसरं नाव किशोरीताईंचं, म्हणजे गायिका किशोरी आमोणकरांचं. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री, असे दोन राग. गंमत अशी की भूप पहिल्या रेकॉर्डवरही आहे, झपतालात, पाच-सहा मिनिटांचा. इथे तोच राग अख्खी बाजू व्यापतो. त्यामुळे ही तुलना अंदाजपंचे करावी लागत नाही, दोन्ही भूप पाठोपाठ लावून बघता येतात. मी मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी तेच केलं. संतूर-बासरीचा भूप म्हणजे एखाद्या सुंदर घरावरून चालत जाणं. खिडकीत दिवा दिसतो, आतून कुणाचं तरी हसणं ऐकू येतं, आपण पुढे निघतो. किशोरीताई दार उघडून आत घेतात आणि मग घाई म्हणून करत नाहीत.

भूपात पाचच स्वर. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. गाण्याच्या क्लासला गेलेल्या कुठल्याही मराठी मुलाने पहिल्या वर्षी हाच घोकलेला असतो, भाच्यानेही घोकला होता, दोन वर्षं, बळजबरीने. किशोरीताईंचं जयपूर-अत्रौली घराणं ओळखलं जातं अनवट आणि जोडरागांसाठी, आणि त्यांनी या बाजूसाठी घेतला तो बिगरीतला राग. तिथे लपायला जागाच नाही. स्वर कमी, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं हेच गाणं होऊन बसतं. गंधारावर त्या थांबतात तेव्हा पुढे धैवताकडे जाणार की षड्जावर उतरणार, हे नव्या माणसालाही आपसूक वाटायला लागतं. ख्याल ऐकायला शिकणं म्हणजे जवळजवळ एवढंच. म्हणून विलंबिताला, म्हणजे संथ लयीतल्या गाण्याला, घाबरणाऱ्याला मी सोप्या वाद्यसंगीताकडे पाठवत नाही, कमी स्वरांच्या रागाकडे पाठवते.

मे महिन्यात बहिणीबरोबर गोव्याला गेले तेव्हा वाट वाकडी करून कुर्डीला जाऊन आले. किशोरीताईंच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर, त्यांच्या नावातलं हे गाव. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चौथरे, पायऱ्या, झाडांचे बुंधे वर येतात आणि जुने गावकरी भेटीला येतात. फोनवर भूप लावायचा असं ठरवून गेले होते. लावला नाही. भर दुपारी भूप लावणं बरं दिसलं नसतं, हे एक. आणि तिथे वारा इतका होता की फोनचा आवाज हास्यास्पद झाला असता.

भर दुपारचं मी थट्टेने म्हणत नाही. कोणती रेकॉर्ड घ्यावी याचा निकाल माझ्या मते इथेच लागतो: तुमच्या घरी रेकॉर्ड लावायला वेळ कोणती मिळणार आहे? भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. भाच्याच्या घरी हीच वेळ जेवणं आटपून पोराला झोपवण्याची. बागेश्री उशिराच्या रात्रीचा. म्हणजे एक बाजू पोर जागं असताना, दुसरी ते झोपल्यावर.

तिसरं नाव भीमसेन जोशींचं. भीमसेनजी याच कसोटीवर मागे पडले, आणि हे लिहिताना माझा हात अडखळतोय. त्यांचा पूरिया धनाश्री मी या वर्षी बहुतेक वेळा गाडीतच ऐकला. राग संधिप्रकाशाचा आणि पुण्यात त्या वेळेला माणूस सिंहगड रोडवर अडकलेला असतो. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमाची ती ओढ, समोर ब्रेकचे लाल दिवे, पुढचा टेम्पो हलायचं नाव घेत नाही. खरं सांगते, सुंदर ऐकू येतो. पण घरात, सुई टेकवून, मावळतीला स्वस्थ बसून ऐकणं नोकरी करणाऱ्या जोडप्याला फक्त रविवारी जमेल. शिवाय भीमसेनजींच्या आवाजाचा आवाका एलपीच्या बाजूत थोडा आखडतो. त्यांच्यासाठी मैफलीची लांब रेकॉर्डिंगं शोधावीत. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या मैफलींच्या कॅसेट माझ्याकडे अजून आहेत, प्लेअर मात्र मेला.

कुमारजींची, म्हणजे कुमार गंधर्वांची, निर्गुणी भजनं हे चौथं नाव. त्यांना वेळेचं बंधन नाही, दर भजन काही मिनिटांचं, शब्द कबीर-गोरखनाथांचे. क्षयामुळे 1948च्या सुरुवातीला कुमारजी देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्याची लोकगीतं आणि नाथपंथी फिरस्त्यांची भजनं कानावर पडत राहिली, त्यातून हे उगवलं. श्वास तोकडा, म्हणून तान तुटक आणि मग एकदम चाबकासारखी. मी ही भजनं सकाळी टेकडी चढताना ऐकते. माझाही श्वास तेव्हा तोकडाच असतो. पण ही रेकॉर्ड पहिली म्हणून कुणाला देऊ नये. ज्याला ती भिडते तो दुसरं काही ऐकत नाही, ज्याला भिडत नाही तो गाणाऱ्यांपासून कायमचा लांब पळतो.

आता पैशाचं. भूपाची माझी मूळ प्रत घासून घासून संपली, म्हणून वसंतात जुन्या बाजारातून दुसरी आणली. कव्हर किशोरीताईंचं, झकास. घरी येऊन काढते तर आत कुठल्याशा सिनेमाच्या संवादांची रेकॉर्ड! दोष माझाच म्हणायचा, आत बघायला हवं होतं. तेव्हा घेताना तबकडी बाहेर काढा, लेबल वाचा, उजेडात तिरकी धरा, डोळ्यांच्या रेषेत धरून वाकलीय का ते बघा. बारीक केसासारख्या रेघा चालतात. नखाला लागणारी खाच चालत नाही. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या प्रती बाजारात सहज दिसतात. भूप-बागेश्रीसाठी थांबावं लागतं, मला तिसऱ्या खेपेला मिळाली.

स्ट्रीमिंगवर हे सगळं आहे, मग एलपी कशाला, असं भाच्याच्या बायकोने विचारलं आणि बरोबर विचारलं. तानपुरा तिथे जास्त स्वच्छ ऐकू येतो, माझ्या रेकॉर्डीवर तो निम्मा खरखरीत बुडतो. पण विलंबित आणि जलद लयीतलं द्रुत वेगळे तुकडे करून ठेवलेले असतात, साथीदारांची नावं बहुतेक वेळा गायब, आणि राग संपला की यंत्र स्वतःच्या मनाने दुसरंच काही लावतं. ते आपोआप वाजणं बंद करून ऐकलंत तर फुकटात काम भागेल. एलपीचा एकच फायदा मी छातीठोकपणे सांगेन: बाजू संपली की शांतता होते.

शेवटी तिसऱ्या खेपेला मिळालेली ती प्रत मी भाच्यालाच पाठवली, पुठ्ठ्यात गुंडाळून, बरोबर चिठ्ठी: जेवणं झाल्यावर लाव, रात्री नऊच्या आत. आठवड्याने फोन आला. विलंबितात पोर झोपलं. द्रुत सुरू झालं तेव्हा बायको भांडी तशीच टाकून बाहेर येऊन बसली.

"आणि बागेश्री?"

"तो अजून ऐकलाच नाही गं. पोर माझ्या मांडीवर झोपतं. रेकॉर्ड उलटायला उठणार कोण?"