‘उल्लास’ साक्षरता वर्ग : परीक्षा चांगली, खरा प्रश्न २०० तासांचा

घरातल्या आजीचं, कामाला येणाऱ्या मावशींचं किंवा सोसायटीच्या वॉचमनकाकांचं नाव ‘उल्लास’मध्ये घालायचं का? घालाच. फी नाही, १५ वर्षांपुढच्या कुणालाही प्रवेश आहे, आणि शेवटची परीक्षा प्रौढ माणसाचा मान राखून घेतली जाते. फक्त नाव नोंदवलं की शिकणं आपोआप सुरू होईल, या भरवशावर राहू नका.

‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ ही केंद्राची २०२२ ते २०२७ या काळाची योजना. तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची, लक्ष्य पाच कोटी नवसाक्षरांचं. आधीच्या ‘साक्षर भारत’मध्ये ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र असायचं आणि तिथला वर्ग सांभाळणाऱ्या प्रेरकाला महिना २,००० रुपये मानधन मिळायचं. ती रक्कम तुटपुंजीच होती, पण वर्ग बंद पडला तर जाब कुणाला विचारायचा हे गावाला माहीत असे. आता मानधन नाही आणि स्वतंत्र केंद्रही नाही. शाळेने नोंदणी करायची, ॲपवर शिकणारा आणि शिकवणारा यांची जोडणी करायची आणि पुढचं सगळं स्वयंसेवकाच्या हौसेवर. या योजनेची सर्वांत कच्ची बाजू हीच.

म्हणून नोंदणीच्या दिवशीच शाळेत दोन गोष्टी विचारून घ्या : शिकवणार कोण, आणि कुठे बसायचं. स्वयंसेवक शिकणाऱ्याच्या गल्लीतला, शक्यतो घरातलाच असावा. सून, नातू, शेजारची अंगणवाडीताई, कुणीही चालेल. दोन किलोमीटरवरून येणारा कॉलेजचा मुलगा सुरुवातीला उत्साहाने येतो, मग त्याच्या परीक्षा लागतात आणि वर्ग थांबतो. अर्जात नाव आधार कार्डावर आहे अगदी तसंच लिहून घ्या; प्रमाणपत्रावरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळलं नाही की पुढे नसती धावपळ होते.

आता वेळेचं गणित. पायाभूत साक्षरतेसाठी २०० तास धरलेले आहेत. रोज दीड तास, आठवड्याला सहा दिवस असं बसलं तरी बावीस-तेवीस आठवडे लागतात. महाराष्ट्रात ही परीक्षा १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ या रविवारी झाली. मार्चमध्ये परीक्षा द्यायची तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वर्ग सुरू व्हायला हवा, कारण मध्ये दिवाळी येते, रब्बीची पेरणी येते, लग्नं येतात. डिसेंबरात नोंदणी करून मार्चमध्ये परीक्षेला बसवलं तर २०० तास कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. मग होते ती नमुना प्रश्नपत्रिकेची घोकंपट्टी. त्यातून गुण मिळतात, वाचता येत नाही.

मार्च महिन्याबद्दल आणखी एक तक्रार. ऊसतोडीला गेलेली बीड-अहिल्यानगरकडची कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या तळावर असतात. साक्षरतेची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हंगामात परीक्षा ठेवणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी पावसाळ्यातली फेरी नेमाने व्हायला हवी.

परीक्षेची रचना मात्र विचारपूर्वक केलेली आहे. एकूण १५० गुण : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. पेपर तीन तासांचा, पण सकाळी १० ते संध्याकाळी ५ यांत आपल्या सोयीने येऊन बसता येतं. मजुरीवरच्या बाईला हे किती सोयीचं आहे, हे रोजंदारीवर असणारालाच कळेल. दिव्यांगांना ३० मिनिटं जास्त मिळतात. कमी पडलेल्याच्या निकालावर ‘नापास’ असा शिक्का नसतो, ‘सुधारणा आवश्यक’ असं लिहिलं जातं आणि पुन्हा बसता येतं. ही भाषा आम्हाला मनापासून आवडली.

पण १७ गुण म्हणजे वाचता येणं नव्हे. स्टँडवर येऊन थांबलेल्या एसटीची पाटी गाडी हलायच्या आत वाचता आली, तर वाचता येतं म्हणायचं. त्यासाठी वर्गात काय करायचं ते सविस्तर सांगायला हवं, कारण स्वयंसेवकाला मिळणारं प्रशिक्षण इथे अपुरं पडतं.

पहिली अडचण डोळ्यांची. चाळिशीपुढच्या बऱ्याच जणांना जवळचं धूसर दिसतं आणि ‘डोक्यात शिरत नाही’ असा समज करून ते वर्ग सोडतात. पहिल्याच आठवड्यात डोळे तपासून घ्या. बहुतेकांचं काम +१ ते +२.५ च्या जवळच्या चष्म्यावर भागतं. प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांना उजव्या.

अ-आ-इ पासून सुरुवात करू नका. शिकणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, ‘मीठ’, ‘डाळ’, ‘दवाखाना’ अशा शब्दांपासून करा आणि शब्द फोडून अक्षर काढा. घ-ध, भ-म, थ-य, ष-प या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक अक्षर पक्कं बसल्यावर आठवड्याने दुसरं. ‘र’ची रूपं (‘प्र’मधला, ‘ट्र’मधला, रफार आणि ‘ऱ्या’मधला) सगळ्यांत शेवटी घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिले तीन महिने दाखवूच नका, हात आखडतो. नवशिका पेन्सिल दाबून धरतो, टोकं मोडतात. तरी सुरुवात पेन्सिलीनेच करा, रुंद रेघांच्या वहीत. परीक्षेला पेन लागतो, म्हणून शेवटचा महिना पेनावर हात बसवा.

संख्याज्ञानात माणसं आपल्याला चकित करतात. तोंडी हिशेब पक्का असतो. पाऊण किलोचे किती, हे शिकायला आलेल्या बाई आपल्याआधी सांगतात. घोडं अडतं ते लिहिण्यात. ‘पंचवीस’ ऐकल्यावर आधी पाच येतो, म्हणून ५२ लिहिलं जातं. ‘एकशे पाच’चे १००५ होतात, कारण शंभर लिहून पुढे पाच जोडला जातो. यावर उपाय खोट्या नोटांचा : १०० ची एक, १० ची एकही नाही, १ ची पाच नाणी, आणि शतक, दशक, एकक अशा तीन घरांचा तक्ता. रिकाम्या घरात शून्य ठेवायचं, हे हाताने केल्यावर पटकन कळतं. एकोणसत्तर, एकोणऐंशीला वेळ द्या. आणि देवनागरी अंकांसोबत मोबाइलवर दिसणारे इंग्रजी अंक पहिल्या महिन्यापासून शिकवा. फोन लावता आला की वर्गाची गोडी लागते.

समावेशकतेच्या बाबतीत जास्तीची ३० मिनिटं पुरेशी नाहीत. अंध व्यक्तीला ब्रेल शिकवणारा आणि कर्णबधिराला खुणांची भाषा येणारा स्वयंसेवक गावात मिळणं अवघड. अशांची नोंदणी करण्याआधी तालुक्याच्या विशेष शिक्षकांना गाठा. कोरकू, पावरी, कोलामी बोलणाऱ्या वाड्यांवर पहिले दोन महिने त्यांच्याच बोलीतले शब्द देवनागरीत लिहून शिकवावेत. ऐकलेला शब्दच नीट वाचता येतो.

पास झाल्यावर पुढे काय, याची माहिती मात्र कुणीच धड देत नाही. दहावीला बाहेरून बसण्याच्या १७ नंबर फॉर्मसाठी किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं. म्हणून मधली पायरी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी किंवा आठवी, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची प्रौढांसाठीची अ, ब, क पातळी. या अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या धरतात. निकाल हातात आला त्याच महिन्यात यांपैकी एका ठिकाणी चौकशी करा. सहा महिने वाचन सुटलं तर जोडाक्षरं आधी विसरतात.

आणि खात्यावर अंगठा असेल तर बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना देऊन या. नुसती स्लिपवर सही केली, तर नोंद जुळत नाही म्हणून ती परत येते आणि माणूस पुन्हा शाईच्या डबीकडे वळतो.